खालच्या माश्या, वरचे कान

कीटकविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकाचा प्रभावांक सलग तिसऱ्या वर्षी घसरला, तेव्हा मुख्य संपादकांची झोप उडाली. प्रभावांक म्हणजे काही फार अवघड भानगड नव्हे. आपण छापलेल्या लेखांचे संदर्भ जगातले इतर संशोधक आपापल्या लेखांत किती वेळा देतात, त्याची सरासरी. पण त्या एका आकड्यावर चांगले लेख आपल्याकडे येणार की शेजारच्याकडे जाणार, हे ठरतं. नियामक समिती येत्या बैठकीत त्याविषयी विचारणार होती. म्हणून त्यांनी सहसंपादक ताईंना बोलावलं.

ताई मूळच्या वर्तमानपत्रातल्या. मुद्रितशोधनात अर्धं आयुष्य घालवून त्या इथे आल्या, तेव्हा किड्यांविषयी त्यांना एवढंच ठाऊक होतं की झुरळ दिसलं की चप्पल शोधायची. पण लेख वेळेवर येणं, परीक्षकांच्या मागे लागणं, चिडलेल्या लेखकाला शांत करणं, हे सगळं त्या असं काही सांभाळत की वडिलांच्या वयाचे संपादकही त्यांना ताईच म्हणू लागले. किडे हळूहळू कळत गेले. झुरळ मारायला मात्र त्या अजूनही नवऱ्यालाच हाक मारत.

संपादकांनी काम सांगितलं ते असं. गेल्या पंधरा वर्षांतले सगळे लेख काढायचे. कुठले विषय वाढले, कुठले आटले, कुणाचे संदर्भ घेतले जातात, कुणाला कुत्रंही विचारत नाही, हे सगळं मांडायचं. म्हणजे कशाला उठाव आहे ते कळेल, आणि पुढे तेवढंच छापता येईल. त्यांचा स्वतःचा अंदाज तयार होता. डास, मधमाशा आणि कीटकनाशकांना न जुमानणारे किडे, एवढं ठेवायचं. बाकी 'नवा भुंगा सापडला, त्याला सहा पाय आहेत' छापाचे लेख बंद. ताईंना भुंग्यांचा एवढा राग नव्हता, पण त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागल्या.

काम किचकट होतं, तरी त्यांना ते आवडायला लागलं. दुपारी घरी आल्यावरही त्या लॅपटॉप उघडून बसत. सासूबाईंनी एकदा विचारलं की हे रंगीत ठिपके कसले. ताईंनी समजावून सांगितलं: हा प्रत्येक ठिपका एक लेख, ज्यानं ज्याचा संदर्भ दिला त्या दोघांत एक दोरा, जे एकमेकांचं नाव घेतात ते ठिपके जवळ सरकतात, जे घेत नाहीत ते लांब राहतात.

सासूबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "म्हणजे कोण कोणाचं नाव काढतं आणि कोण कोणाचं टाळतं, एवढंच ना? हे तर मी आयुष्यभर फुकट करत आलेय."

ताईंना हसू आवरेना. पण सासूबाई पुढे बोलल्या ते त्यांच्या डोक्यात राहिलं. म्हणाल्या, नाव काढणाऱ्यांत काही मौज नसते. मौज असते ती टाळणाऱ्यांत.

नकाशा पुरा झाला तेव्हा संपादकांचा अंदाज बराचसा खरा निघाला. डासांचा भलामोठा पुंजका मध्यभागी, त्याला लागून मधमाशांचा, खाली कीटकनाशकांचा. कडेकडेनं सुटे ठिपके, लग्नात कुणी ओळखत नसलेल्या पाहुण्यांसारखे भिंतीला टेकून उभे. एवढ्यात ताईंची नजर दोन कोपऱ्यांकडे गेली. एका टोकाला एक लहानसा घट्ट पुंजका, आणि बरोब्बर समोरच्या टोकाला तसाच दुसरा. दोन्हींत दहा-बारा वर्षांचं सलग काम. दोन्हींमध्ये एकही दोरा नाही. ताईंनी ठिपके उघडून पत्ते पाहिले आणि त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. दोन्ही पुंजक्यांचा पत्ता एकच होता. याच संस्थेची ही इमारत. एकाचा तळमजला, दुसऱ्याचा दुसरा मजला.

तळमजल्यावर होते माशीवाले सर. ते एक बारीकशी परोपजीवी गांधीलमाशी पाळत. चिमटीत धरू म्हटलं तर सापडायची नाही एवढी, पण मोठी कामाची. कोबी-फ्लॉवरची पानं कुरतडणाऱ्या अळीला शोधून ती तिच्या अंगात अंडी घालते, आणि अळीचा कारभार आटोपतो. ज्यांना शेतावर औषधं फवारायची नसत ते सरांकडून या माश्या नेत. दुसऱ्या मजल्यावर होत्या कानवाल्या बाई. त्या किड्यांचे आवाज ऐकत. सदा कानाला हेडफोन, त्यामुळे हाक मारून उपयोग नसे, समोर जाऊन हात हलवावा लागे. दोघंही स्वभावानं चांगली, दोघंही निवृत्तीला आलेली. जिन्यात समोरासमोर आली तर दोघांनाही एकदम काहीतरी विसरल्याचं आठवे आणि दोघं उलटी फिरत.

ताई आधी सरांकडे गेल्या. वरच्या मजल्यावर तुमच्या विषयाच्या जवळचं काही काम चालतं का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, वर संगीताचा वर्ग चालतो असं ऐकून आहे. मग त्या वर गेल्या. बाईंनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला, प्रश्न ऐकला, आणि खाली कुक्कुटपालन चालतं, फक्त कोंबड्या लहान आहेत, एवढं बोलून हेडफोन परत लावला.

मग ताईंनी संपादकांनाच गाठलं. संपादक त्या भांडणाचे साक्षीदार होते. ते आठवून त्यांना हसू येत होतं, पण पदाचा मान राखून त्यांनी ते मिशीत दाबलं. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी.

सर आणि बाई कॉलेजात एका बाकावर शिकले, नोकरीला एकत्र लागले, एकमेकांच्या घरच्यांना नावानं ओळखत. तेव्हा बाई एका पतंगाच्या आवाजावर काम करत होत्या आणि दोन वर्षं खपून त्यांनी त्याच्या अळ्यांची खास जात वाढवली होती. एक दिवस सरांच्या पैदास खोलीची जाळी फाटली. माश्या खिडकीतून निघाल्या, भिंतीनं वर चढल्या आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांना जेवण मांडून ठेवलेलंच दिसलं. बाईंच्या एकूण एक अळीत त्यांनी अंडी घातली. आठवड्याभरात दोन वर्षांचं काम मातीमोल. सर धावत वर गेले, आणि माफी मागायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून निघालं, "बघितलंस, किती तरबेज आहेत माझ्या माश्या." बाईंनी दार लावलं ते सरांसाठी आजतागायत उघडलं नव्हतं.

"आणि मग बाईंनी काय केलं?" ताईंनी विचारलं.

संपादक म्हणाले, काय करणार. पतंग गेले, समोर माश्याच उरल्या होत्या. त्यांनी माश्यांचे आवाज ऐकायला सुरुवात केली.

ताई खुर्चीत ताठ झाल्या. त्यांनी पुन्हा नकाशा उघडला, दोन्ही पुंजक्यांतले लेख शेजारी शेजारी ठेवले. सर त्या माशीला जुन्या शास्त्रीय नावानं संबोधत, बाई नव्या. त्यामुळे नुसती शीर्षकं वाचून ताईंना पत्ता लागला नव्हता. माशी एकच. खाली तिची पैदास, वर तिचं गाणं, आणि बारा वर्षांत एकानं दुसऱ्याचा एक शब्द वाचला नव्हता. सरांना वाटे, त्यात आपल्यालाच शिव्या असतील. आणि माश्या कुठून आल्या हे लिहायचं तर सरांचं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून बाईंनी फक्त 'इमारतीत मुक्त आढळलेल्या' असं छापलं होतं.

योगायोग म्हणा किंवा काही, त्याच आठवड्यात सरांचा नवा लेख त्रैमासिकाकडे आला. लेख कसला, एक तक्रारच होती. त्यांच्या पैदास खोलीत गेली तीन-चार वर्षं जवळजवळ सगळे नरच जन्माला येत होते. या माश्यांचं असं असतं की मादीचा नराशी संयोग झाला नाही तरी ती अंडी घालते, पण त्यातून फक्त मुलगे होतात. मुली हव्या तर लग्न लागायला हवं. आणि सरांच्या डब्यांत लग्नं लागत नव्हती. अळ्या मारायचं काम माद्यांचं. नर नुसते ऐतखाऊ. सरांनी उजेड बदलून पाहिला, खाणं बदललं, दमटपणा बदलला. सगळं लेखात प्रामाणिकपणे लिहून शेवटी म्हटलं होतं की कारण कळलेलं नाही.

लेख परीक्षणाला कुणाकडे पाठवायचा, हे ठरवणं ताईंचं काम. लेखकाचं नाव झाकायचं, परीक्षकाचं नाव झाकायचं, ही पद्धत. ताईंनी संपादकांना स्पष्ट विचारलं: एक परीक्षक बाहेरचा घेते, पण या माशीचं प्रियाराधन जगात सर्वांत जास्त कुणाला कळतं ते आपल्याला ठाऊक आहे, तिला पाठवू का? भांडण आहे म्हणून नको, की जाण आहे म्हणून हो? संपादकांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, पाठवा. आकसानं काही लिहिलं तर मी बघून घेईन.

आकसानं काही आलं नाही. बाईंचं परीक्षण आलं ते लेखापेक्षा लांब. भाषा कडक, पण आत नुसता उत्साह उसळत होता. त्यांनी लिहिलं होतं की लेखकानं उजेडापासून दमटपणापर्यंत सगळं तपासलं, फक्त नवरदेवाला गाऊ दिलं नाही. या माशीचा नर पानावर उभा राहून पंख फडफडवतो. तो आवाज हवेतून जात नाही, पानातून जातो, आणि मादी तो पायांनी ऐकते. तो ऐकल्याशिवाय ती त्याला जवळ उभं करत नाही. लेखकाच्या डब्यांत पान असतं का? डबा कशावर ठेवलेला असतो? आसपास काही यंत्र चालतं का?

सरांनी उत्तर पाठवलं. पान पूर्वी ठेवत असू, आता स्वच्छतेसाठी बंद केलं. डबे प्लास्टिकचे, लोखंडी मांडणीवर. शेजारी थंडाव्याचं यंत्र, चार वर्षांपूर्वी बसवलेलं. आणि खाली, लेखकानं परीक्षकाला सहसा लिहू नये असं एक वाक्य: 'आपल्यासारखं वाचणारं माणूस मला बऱ्याच वर्षांनी भेटलं.'

तिथून ताईंच्या टेबलावरून अशी काही ये-जा सुरू झाली की त्यांना पोस्टमन झाल्यासारखं वाटायला लागलं. खालून प्रश्न वर, वरून उत्तर खाली. दोन्ही कागदांवर नाव नाही, दोघांनाही ताईंनी काही सांगितलेलं नाही. घरी सासूबाईंना त्या नावं वगळून गोष्ट सांगत, आणि सासूबाई रोज दारातच विचारत, आज खालच्यांनी काय म्हटलं. एवढं गुपित आपण किती सफाईनं सांभाळतोय, याचा ताईंना थोडा गर्वही झाला होता.

मग बाईंनी असं लिहिलं की लेखकानं आपल्या मांडणीची थरथर मोजावी. त्यासाठी लागणारं उपकरण सहसा मिळत नाही, 'परंतु लेखकाच्या इमारतीत ते असल्याचं ऐकिवात आहे.' सरांनी ते वाक्य ताईंच्या समोरच वाचलं. कागदाची घडी घातली, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, चला ताई, तुम्ही सोबत या, मधे कुणीतरी असलेलं बरं.

दोन जिने चढताना ते दोनदा थांबले. ताईंना वाटलं दम लागला. पण ते मनातल्या मनात काहीतरी पाठ करत होते.

बाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. उपकरण टेबलावर काढून, पुसून, तारा गुंडाळून तयार ठेवलेलं होतं. बाईंच्या कानाला हेडफोन नव्हता. सर उंबऱ्यावर उभे राहिले.

"त्या दिवशी मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. "माफी मागायला वर आलो होतो. तोंडातून भलतंच निघालं."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "तू कॉलेजपासून तसाच आहेस. पण मला राग तरी किती वर्षं पुरवून पुरवून वापरता आला."

ताई गोंधळल्या. दोघांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता. त्यांनी चाचरत विचारलं की परीक्षक कोण ते सरांना केव्हा कळलं.

सर म्हणाले, पहिल्या ओळीत. 'नवरदेवाला गाऊ दिलं नाही', असं लिहिणारं माणूस जगात दुसरं कोण आहे. बाई म्हणाल्या, आणि मला शीर्षकातच. हा अजून त्या माशीचं जुनं नाव लिहितो, दुसरं कुणी लिहीत नाही. पण नाव झाकलेलं होतं म्हणून बरं पडलं. तोंड न दाखवता बोलता आलं. ताईंना क्षणभर आपल्या सफाईदार गुपिताची लाज वाटली, आणि लगेच इतकं हसू आलं की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

त्याच दुपारी उपकरण खाली गेलं. मांडणीला तार लावली आणि बाईंनी हेडफोन आधी सरांच्या कानाला दिला. सर ऐकत राहिले. मग त्यांनी तो ताईंना दिला. आत नुसती घरघर. शांत वाटणाऱ्या त्या खोलीत गिरणी चालू असल्यासारखा आवाज होता. सरांनी यंत्राचं बटण बंद केलं, एका डब्यात कोबीचं पान ठेवलं, तार पानाला जोडली. थोड्या वेळानं त्या पानातून एक बारीक, घाईघाईचा फडफडाट आला. थांबला. पुन्हा आला.

"हे माझ्याच माश्यांचं?" सरांनी विचारलं.

"माझ्या," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडून पळून आलेल्या."

यंत्र भिंतीपलीकडे हलवलं गेलं, मांडणीखाली रबर बसलं, प्रत्येक डब्यात पान आलं. पुढची पिढी कोशातून बाहेर पडायची त्या दिवशी तळमजल्यावर ताई, संपादक आणि अर्धा दुसरा मजला जमला होता. नर-मादी ओळखायची खूण म्हणजे मादीच्या मागच्या टोकाला अंडी घालायची बारीक सोंड असते. सर भिंगातून बघत एकेक सांगत होते: मुलगा, मुलगा, आणि मग मुलगी. त्यानंतर मुलगी, मुलगी, मुलगी, असं ते म्हणत गेले आणि मधेच आकडा विसरले. बाईंनी भिंग त्यांच्या हातातून घेतलं आणि पुढची मोजणी केली.

लेख आता दोघांचा झाला. तेव्हा परीक्षक म्हणून बाई अर्थातच बाद, आणि संपादकांनी तो नव्यानं दोन परक्या परीक्षकांकडे पाठवला. पण त्याआधी कुणाचं नाव आधी घालायचं यावर पुन्हा भांडण पेटलं. बाई म्हणत, पैदास त्याची, तक्रार त्याची, नाव त्याचं आधी. सर म्हणत, उत्तर तिचं, तिचं आधी. दोघं तावातावानं ताईंच्या टेबलाशी आली. ताईंनी त्यांना सांगितलं की वर्तमानपत्रात असताना दोन बातमीदारांचं असं व्हायचं तेव्हा आम्ही वयानं मोठा असेल त्याला पुढे घालायचो. बाई तीन महिन्यांनी मोठ्या होत्या, आणि ते कबूल करायला त्यांना फार जड गेलं. सर खुशीत निघून गेले.

समितीच्या बैठकीत ताईंनी नकाशा पडद्यावर लावला. कुठले विषय वाढले, कुठले ओसरले, सगळं सांगितलं. मग कोपऱ्यातले दोन पुंजके दाखवले. त्यांचं म्हणणं साधं होतं. कशाला उठाव आहे ते यातून कळतं, पण कोण कुणाशी बोलायचं राहिलंय तेही कळतं, आणि त्रैमासिकाला ते दुसरं जास्त उपयोगाचं आहे. त्यांनी असेच आणखी काही पुंजके शोधून ठेवले होते. त्यांत 'सहा पायांच्या भुंग्यां'चे लेख बरेच होते, कारण किडा कोणता हे त्या लेखांशिवाय डासवाल्यांनाही कळत नव्हतं. संपादकांनी भुंगे बंद करायचा प्रस्ताव खिशातून काढलाच नाही. समितीनं पुढच्या वर्षी दर अंकात दोन वेगळ्या शाखांच्या लोकांनी मिळून लिहिलेला एक लेख छापायचं ठरवलं, आणि ते काम ताईंवर सोपवलं.

सरांचा-बाईंचा लेख छापून आला. नकाशावर दोन कोपऱ्यांमध्ये चांगला जाडजूड दोर पडला, कारण दोघांनी एकमेकांच्या बारा वर्षांच्या लेखांची नावं मनसोक्त घेतली होती. संपादकांना काळजी, आपणच आपली नावं घेतली तर बाहेर हसतील. पण मग बाहेरून टपाल यायला लागलं. ठिकठिकाणच्या पैदास खोल्यांतून लोक विचारत होते, आमच्याकडेही मुलगेच होतात, शेजारी पंखा आहे, काय करू. सर उत्तरं लिहीत, बाई ती तपासून चुका काढत.

पुढल्या पावसाळ्याच्या सुमारास एका सकाळी ताई दाराचं कुलूप काढत होत्या, तर जिन्यावरून दोघं भराभर उतरताना दिसली. बाईंच्या हातात एका परदेशी मासिकाचा अंक होता. लेखाला बाहेरचा पहिला संदर्भ मिळाला होता. ताईंनी अभिनंदनासाठी हात पुढे केला, तर सर म्हणाले, आधी वाचा तरी. कुणा एका संशोधकानं लिहिलं होतं की या दोघांचा निष्कर्ष घाईचा आहे, आमच्या माश्या यंत्राच्या आवाजातही सुखानं संसार करतात.

ताईंना वाईट वाटलं. पण समोरची दोघं आनंदानं नुसती फुलली होती.

"त्याच्या माश्या बहिऱ्या असतील," बाई म्हणाल्या.

"किंवा त्याचं यंत्र बंद पडलेलं असेल," सर म्हणाले. "ताई, उत्तर द्यायला पुढच्या अंकात जागा आहे ना? आम्ही दोघं मिळून लिहितोय."

ताईंनी जागा आहे म्हणून सांगितलं. ती दोघं आत येऊन त्यांच्या टेबलाशी खुर्च्या ओढून बसली, आणि पहिलं वाक्य कसं असावं यावरून त्यांचं जुंपलं.